मोरिवलीचं रगतझाड

मोरिवलीच्या मागं, जिथं कारखान्यांच्या भिंती संपतात आणि नाला सुरू होतो, तिथं निलगिरीच्या झाडांची एक रांग आहे. त्या रांगेतलं शेवटचं झाड रक्त गाळतं, अशी बातमी अंबरनाथपासून बदलापूर गावापर्यंत पसरली आणि दर शुक्रवारी तिथं पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली. शुक्रवार निवडण्यात झाडाखाली बसणाऱ्या पर्णनाथ बाबांची हुशारी होती. इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. देवाला कुठलाही वार चालला असता, भक्तांना नाही.

झाडाच्या बुंध्यातून खरोखरच लाल, दाट काहीतरी ओघळत होतं आणि मुळाशी गोठत होतं. तिथं हळदकुंकवाचा सडा पडला होता, नारळाच्या शेंड्यांचा ढीग लागला होता, आणि त्या ढिगाशेजारी गयाबाई नावाची एक वाळलेली बाई तो लाल ओघळ बोटानं टिपून कपाळाला लावत बसली होती. तिची लेक अंजना आदल्या वर्षी याच झाडाखाली गेली. भूत जाताना पोरीला घेऊन गेलं, पण तिचा जीव मी झाडात ठेवून घेतलाय, हे तिचंच रगत, असं पर्णनाथ बाबांनी तिला सांगितलं. तेव्हापासून गयाबाई घरदार सोडून झाडाची सेवा करत होती. बाबांना बिनपगारी चाकरी आणि चालताबोलता पुरावा, दोन्ही एकाच बाईत मिळालं होतं.

"विज्ञान काय म्हणतं?" बाबा माईकवर सांगत होते. "विज्ञान म्हणतं झाडाला जीव आहे. जीव आला की रगत आलं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून बघितलं, तेव्हा सगळी झाडं हिरवी दिसली, आणि हे एकटं लाल दिसलं. यंत्र जळलं त्यांचं." उपग्रहाला मोरिवलीचं एक झाड दिसलं आणि शेजारचा नाला कसा दिसला नाही, हे काही कुणी विचारलं नाही.

उमा गुप्ते तिथं चमत्कार बघायला आली नव्हती. सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीत ती तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिच्या हाताखाली काम करणारी तेजल भोईर बरेच दिवस कामावर आली नव्हती आणि फोनही लागत नव्हता. पावसाळ्यात तेजलचं पोटातलं मूल गेलं होतं. नंतर ती कामाला रुजू झाली, काम चोख करायची, पण कुणाशी बोलेनाशी झाली. म्हणून सुट्टीच्या दिवशी उमा अंबरनाथ पूर्वेतल्या घरातून निघून मोरिवलीत तिच्या सासरी गेली, तर दाराला कुलूप. शेजारणीनं नाल्याकडं बोट दाखवलं. "तिला बाबांकडं नेलंय. लय वाईट भूत लागलंय पोरीला."

गर्दीतून वाट काढत उमा पुढं पोचली, तेव्हा गयाबाई आणि तेजलची सासू कौसाबाई एका मुलीला केसांना धरून झाडाखाली फरफटत आणत होत्या. मुलीचा चेहरा इतका सुजला होता, की ती तेजल आहे हे कळायला उमाला वेळ लागला.

"हिला मारताहेत ते दिसत नाही का तुम्हाला?" तिनं शेजारच्या माणसाला विचारलं.

"तिला नाय मारत, भुताला मारतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तिला काय लागत नाय."

बाबांनी पितळेची एक मोठी झारी उचलली. पोट फुगीर, तोटी अगदी तळातून निघालेली. "हे झाडाचं तीर्थ. आधी मी घेतो, मग तिला देतो. कुणी म्हणायला नको, बाबांनी काय पाजलं." त्यांनी झारी तिरपी करून तोटीतल्या स्वच्छ धारेचे दोन घोट घेतले आणि गर्दीला तोंड उघडून दाखवलं. मग मंत्र म्हणत झारी दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवली आणि थोडं तीर्थ तळहातावर ओतलं. मघाचं स्वच्छ पाणी आता दुधासारखं पांढरं झालं होतं. बायकांनी हात जोडले.

झारी नाकाशी आली तसे तेजलचे डोळे उघडले. तो वास ती रोज प्रयोगशाळेत घ्यायची.

"हे पाणी नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सिनिओल आहे यात. निलगिरीचं तेल. सिनिओल. मला पाजू नका."

बाबा क्षणभर थबकले, पण क्षणभरच. "ऐकलंत मंडळी. भुतानं आपलं नाव सांगितलं. सिनिओल. आपल्यात असलं नाव असतं? हे परदेशी भूत आहे. हे झाड ज्या मुलखातून आलं, तिथूनच जहाजात बसून आलंय."

ते नाव गर्दीत एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. नाल्याकाठच्या बायकांपर्यंत पोचेतो त्याचं 'शिनवाल' झालं होतं, आणि शिनवाल नावाचा कुणी गोरा साहेब पूर्वी इथल्या पाण्यात बुडून मेला होता, हेही तिथं कुणाला तरी आठवलं.

बाबांनी निलगिरीची ओली फांदी उचलली आणि तेजलच्या पाठीवर घातली. पहिल्या फटक्याला ती ओरडली. मग फटके मोजायचंही कुणाला सुचलं नाही. फांदी मोडली तशी चेल्यानं वेत दिला. कुर्ता फाटला, पाठीवर लाल पट्टे उठले आणि त्यांतून रक्त आलं. बाबा प्रत्येक फटक्याला विचारत होते, "जातोस का नाही, सिनिओल?" आणि तेजल म्हणत होती, "मी तेजल आहे. मी तेजल आहे."

"थांबवा हे," उमा पुढं धावली. दोन चेल्यांनी तिला छातीवर धक्का देऊन मागं लोटलं. ती दगडांवर पडली, चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी टाचेखाली फुटला. ती उठायला गेली तेव्हा वेताचा एक तडाखा तिच्या खांद्यावर बसला, आणि हात बोटांपर्यंत बधिर झाला. "मॅडमला पण लागलंय काय ते बघा रं," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

गयाबाईनं तेजलचं नाक दाबलं. कौसाबाईनं जबडा धरला. बाबांनी झारी पुन्हा हलवली, तोटी दातांवर आपटली, ओठ फाटला, आणि तीर्थ घशात गेलं. काही ओढणीवर सांडलं. ती खोकली, ओकारी आली, ती बाबांनी तळहातानं तोंडातच दाबली. थोडा वेळ ती नुसती पडून होती. मग तिचे हातपाय ताठ झाले, मान मागं वळली आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. टाचा मातीवर आपटत होत्या. तोंडाला लाल फेस आला.

"निघालं," बाबा म्हणाले. "आता त्याचं हाड बघा." त्यांनी राख फासलेलं पांढरं, सुपारीएवढं काहीतरी वर धरलं. तेजलच्या उशीतून ते निघालं होतं म्हणे. वाटीत ठेवून, झारी पुन्हा हलवून तीर्थ त्यावर ओतलं, तसं ते बारीक चर्र आवाज करत खचलं, विरघळलं, आणि तळाशी चिकट थर उरला. "भुताचं हाड गळालं. पोरीशी त्याचा दोर तुटला."

गर्दीनं जयजयकार केला. त्या आवाजात तेजलचे झटके थांबले आणि ती निपचित पडली, हे उमाखेरीज कुणी पाहिलं नाही. उमा रांगत तिच्यापाशी गेली. ओठ निळसर पडले होते. श्वास येत होता, मग येत नव्हता, मग पुन्हा येत होता.

तेजलचा नवरा संतोष हातात नारळ धरून तिथंच उभा होता.

"संतोष, खाली बस. तिचा श्वास ऐक," उमा म्हणाली.

"हात लावू नको," कौसाबाईनं लेकाला दटावलं. "बाबा बोल्ले का निजू द्या. बाबांना कलतं का मॅडमला कलतं?"

गयाबाईनं प्रेमानं तेजलच्या तोंडावरचा फेस पुसला. "घाबरू नको, बाय," ती उमाला म्हणाली. "माजी अंजीपन अशीच निजली होती."

तिनं ते धीर द्यायला म्हटलं होतं. संतोषनं ते ऐकलं. त्यानं नारळ टाकला, बायकोला उचललं आणि गर्दीत घुसला. चेल्यानं मागून त्याच्या पाठीत वेत हाणला, पण तो थांबला नाही. रस्त्यावर त्यांच्याच आळीतल्या सनीची रिक्षा उभी होती. सनीनं तेजलकडं एकदा पाहिलं. "बैठो मॅडम, उसका सर पकडो. एका कुशीवर ठेवा," एवढं बोलून त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला, तो दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टर समीर कोतवालांनी तेजलच्या तोंडाशी वाकून वास घेतला. "हिनं काय प्यायलंय?"

"तीर्थ," संतोष म्हणाला.

"तीर्थाला बामचा वास येतो का?"

तेवढ्यात तिला पुन्हा झटका आला. नर्सनी संतोषला बाहेर काढलं. काचेआड तो उभा राहिला, आणि झाडाखाली ज्या अंगाला भूत समजून त्यानं तोंड फिरवलं होतं, तेच अंग लोखंडी पलंगावर तसंच आपटताना त्यानं डोळे न मिटता पाहिलं. डॉक्टरांनी फिट थांबवायचं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली, श्वास यंत्रावर घेतला. आता ती जगते का नाही, ते त्या यंत्राच्या लयीवर ठरणार होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर उमाला म्हणाले, "निलगिरीचं तेल छातीला चोळलं, वाफेत हुंगलं, तर सर्दीत बरं वाटतं. पोटात गेलं की विष. दोन-चार चमचेही मोठ्या माणसाला झटके आणू शकतात, श्वास बंद पाडू शकतात. लहान मुलाला तर त्याहून कमी पुरतं. पण मला खात्री हवी. नक्की काय, आणि किती."

"पण बाबांनी आधी तेच प्यायलं," संतोष म्हणाला. "त्याच झारीतनं. मी डोळ्यांनी बघितलं."

उमानं तेजलची भिजलेली ओढणी नर्सकडून मागून घेतली, घट्ट झाकणाच्या बाटलीत कोंबली, आणि एका हातानं दार ढकलत बाहेर पडली. दुसरा हात अजून वर उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत तिनं ओढणीतलं तेल काढलं आणि यंत्राला लावलं. तेल म्हणजे एकच एक वस्तू नसते. त्यात कितीतरी द्रव्यं मिसळलेली असतात. या यंत्रात तेलाची वाफ करून ती एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर त्याचं शिखर उमटतं. जितकं द्रव्य जास्त, तितकं शिखर उंच.

पहिलं शिखर अल्फा-पायनीनचं आलं, छोटंसं. मग लिमोनीनचं. त्याला लागूनच एक शिखर सरळ पडद्याच्या माथ्यापर्यंत चढलं. ते सिनिओल होतं, निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य. चेहरा सुजलेला असताना, केसांना धरून फरफटत आणलेली असताना, तेजलनं ते नुसत्या वासावरून बरोबर ओळखलं होतं.

पण पुढं आणखी एक शिखर आलं, जे यायला नको होतं. कापराचं. निलगिरीच्या तेलात एवढा कापूर नसतो. मग तिनं झाडाची पानं मागवली. संतोषनं ती स्वतः तोडून आणली. उमानं पानं पाण्याबरोबर उकळून, वाफ थंड करून त्यांचं तेल काढलं आणि तेही यंत्राला लावलं. त्या झाडाच्या तेलात सिनिओल होतं, पण बेताचं. बाकीची शिखरं वेगळीच होती. आणि कापूर नव्हता. म्हणजे तीर्थ त्या झाडाचं नव्हतंच.

उल्हासनगरात हितेश तलरेजाचं तेल-एसेन्सचं दुकान होतं. त्याच्याशी कंपनीचा जुना व्यवहार. उमानं त्याला फोनवर द्रव्यांची नावं सांगितली. "मॅडम, हा तर बामचा माल आहे," तो लगेच म्हणाला. "निलगिरी आणि कापूर, रेडी मिक्स. बाम भरणारे घेऊन जातात. तुमच्या मोरिवलीचा एक आदमी पण घेतो, पूर्वी इथंच एका गाळ्यात बाम भरायचा. आता दाढी वाढवलीय. माझ्याकडून नेतो ते चोळायला म्हणून नेतो, मॅडम. पिलाता है, ये मुझे नहीं मालूम." मग त्यानं स्वतःहूनच पुढं जोडलं. "पोलीस विचारतील तर मी सांगेन," तो म्हणाला.

उरला झारीचा प्रश्न, तीतलंच पिऊन बाबांना काही कसं झालं नाही. उमानं पाण्यात तेल ओतून बाटली समोर ठेवली आणि बघत बसली. तेल वर, पाणी खाली. तिनं बाटली हलवली, पांढरं दूध झालं. ठेवून दिली, हळूहळू पुन्हा तेल वर आलं. तिला झारीची तोटी आठवली. ती तळातून निघत होती.

ती उठून उभी राहिली. एवढं सोपं होतं ते.

तेजल श्वासाच्या यंत्रावरून उतरली, पण तिला अजून नीट बोलता येत नव्हतं. संतोषनं पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. राज्यात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. अधिकाऱ्यानं डॉक्टरांचा दाखला वाचला, तेजलच्या पाठीचे फोटो पाहिले आणि गुन्हा नोंदवला. पण शुक्रवारखेरीज बाबा कुठं असतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे शुक्रवारीच धरायचं ठरलं.

त्या शुक्रवारी उमा, डॉक्टर आणि संतोष वेळेवर पोचले. पोलिसांची गाडी नाक्यावर टँकरांच्या गर्दीत अडकली होती. वाट बघायची असं ठरलं होतं. पण झाडाखाली एक बाई आपल्या पोरीला पदरात गुंडाळून घेऊन बसली होती. पोरगी पहिलीदुसरीत जाणारी असेल. बिछाना ओला करते म्हणून आणली होती. बाबांनी झारी उचलून दोन घोट घेतले आणि हलवायला सुरुवात केली.

उमा थेट पुढं गेली. "बाबा, आता प्या."

"मी आत्ताच प्यालो, ताई. सगळ्यांनी पाहिलं."

"हलवण्याआधी प्यालात. आता हलवून झाल्यावर प्या. तीर्थ तेच आहे ना?"

चेले पुढं सरकले. संतोष मध्ये उभा राहिला, आणि त्याच्या बाजूला सनी. गावातली पोरं होती ती, चेले थांबले. उमानं पिशवीतून खाली तोटी असलेली काचेची कुपी काढली, बाटलीतलं पाणी तीत ओतलं आणि वरून निलगिरीचं तेल. "हे औषधांच्या दुकानातलं तेल आहे. कुणीही विकत घ्या. बघा, तेल वर तरंगतं." तिनं तोटी उघडून खालचं पाणी पेल्यात घेतलं आणि पिऊन टाकलं. "मीपण प्यायले. आता हलवते." कुपी पांढरी झाली. "आता हे मी पिणार नाही. कारण आता तोटीतून तेल येणार. झारी एकच, पण बाबा पाणी पितात आणि तुमच्या लेकीसुनांना तेल पाजतात."

गर्दीत कुजबुज झाली.

"काच आहे ती, पितळ नाही," बाबा माईकवर म्हणाले. "पितळात मंत्र राहतो. काचेतून मंत्र गळतो. हे बाईमाणसाला समजायचं नाही."

"आणि भुताचं हाड?" उमानं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा काढला, सगळ्यांसमोर त्यावर दुकानातलं तेल ओतलं. तो चर्र करत खचला आणि चिकट झाला. "मी मंत्र म्हटला नाही. थर्माकोल या तेलात विरघळतो. तुम्ही घरी करून बघा."

एक म्हातारा पुढं आला, त्यानं बाटली हातात घेऊन स्वतः दुसऱ्या तुकड्यावर तेल ओतलं आणि बराच वेळ त्याकडं बघत राहिला. पोरीला घेऊन बसलेली बाई उठली आणि मागं सरकली.

तेव्हा गयाबाई बोलली. "मंग रगत?"

या प्रश्नाची उमाला भीती वाटत होती. रांगेतल्या दुसऱ्या एका निलगिरीवर कुण्या बिल्डरची पत्र्याची पाटी ठोकलेली होती. उमा तिथं गेली. संतोषनं पाटी उपटली. खिळ्यांच्या भोकांतून तसाच लाल, दाट ओघळ सुटलेला होता.

"हा डिंक आहे, मावशी. निलगिरीला जखम झाली की ती लाल डिंक सोडते. बाबांच्या झाडालाही सालीत खिळे मारलेले असणार."

गयाबाई आपल्या झाडापाशी गेली. गोठलेला थर तिनं नखांनी खरवडून काढला. खाली खिळ्यांची डोकी दिसली, ओळीनं. ती तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माजी अंजी मंग कुठं हाय?"

तिची नजर झारीकडं गेली.

"तिच्या तोंडाला ह्योच वास होता," गयाबाई म्हणाली. "मीच नाक दाबलं होतं तिचं."

गर्दीचा राग असा उसळला, की कुणी सुरुवात केली ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. चेले पळाले. बाबांची दाढी धरून कुणीतरी त्यांना खाली ओढलं. ज्या लोकांनी मागच्या शुक्रवारी जयजयकार केला होता, तेच आता लाथा घालत होते. दातांचा कट्ट आवाज झाला. गर्दीतून पुढं आलेली कौसाबाई चेल्याचा वेत घेऊन त्यांच्या तोंडावर मारत होती, सुनेचा जबडा धरला होता तितक्याच जोरानं. "पाजा त्याला," कोणीतरी ओरडलं. "त्याचंच पाजा." दोघांनी बाबांचे हात पिरगाळून धरले. गयाबाईनं झारी उचलली, हलवली, आणि त्यांचं नाक दाबलं.

"नको," बाबा किंचाळले. "नको, मरेन मी. विष आहे ते. मरेन."

सगळ्यांनी ते ऐकलं. पण हात थांबले नाहीत.

उमानं झारीला दोन्ही हात घातले. बधिर खांद्यात कळ उठली. "मावशी, सोडा." गयाबाईनं झारी हिसकून तिच्या कपाळावर आपटली. कातडं फाटलं, रक्त डोळ्यांत आलं. उमानं झारी सोडली नाही. डॉक्टर आणि संतोष बाबांच्या अंगावर आडवे पडले आणि पाठीवर लाथा झेलू लागले.

"त्यानं माज्या पोरीला पाजलं," गयाबाई रडत नव्हती, धापा टाकत होती. "तू त्याला का वाचवतीस?"

"तो मेला, तर अंजना कशानं गेली हे कुणाला कळणार नाही," उमा म्हणाली. "आणि उद्या लोक म्हणतील, भुतानं बाबाला नेलं. या झाडाला दुसरा बाबा येईल. त्याला कोर्टात बोलू द्या, मावशी. मी तुमच्याबरोबर येते. अंजना नक्की कशानं गेली हे मी आत्ता छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा कुणी तपासलं नाही. पण विचारता येईल. पहिल्यांदाच."

गयाबाईची पकड सैल झाली. झारी कलंडली, पांढरं तेलपाणी मातीत गेलं, आणि सगळ्या माणसांना त्या वासानं खोकला आला. पोलीस पोचले तेव्हा कौसाबाई वेत हातात घेऊन उभी होती आणि त्याकडं असं बघत होती, जणू तो तिच्या हातात कुणी दिला ते तिला आठवत नव्हतं.

बाबांना इस्पितळात आणि मग कोठडीत नेलं. झारीच्या लबाडीची कबुली त्यांनी माईकशिवायच दिली. गयाबाईनं ठाण्यात बसून आपला जबाब सांगितला. मीच नाक दाबलं होतं, हे वाक्य अधिकारी गाळायला तयार होते. तिनं गाळू दिलं नाही.

तेजल घरी आली, तरी बरेच दिवस तिला पालथं निजावं लागे. पाठ भरत होती. कौसाबाई तिच्या जखमांना मलम लावायची, पण तोंडाकडं बघायची नाही. एका दुपारी ती हात थांबवून म्हणाली, "तुज्या अंगात कोन नव्हतं, मंग तू भिंतीवर डोकं का आपटायचीस? ताट का फेकलंस माज्या अंगावर? मना कलत नाय, म्हनून इचारतंय."

तेजल उशीत तोंड घालून पडली होती. "माझं बाळ गेलं होतं, आई," ती म्हणाली. "मला रडायचं होतं. घरात त्याचं नाव काढलं की सगळे उठून जायचे. तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

कौसाबाई मलमाची डबी बाजूला ठेवून तिच्या उशाशी सरकली. "आता सांग," ती म्हणाली.

मोरिवलीची ती झाडं अजून उभी आहेत. खिळे काढल्यावर डिंक आपोआप थांबला. झाडानं कधी कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं ते ज्याला तेल काय करतं हे माहीत होतं, त्या माणसानं, आणि ज्यांना माहीत नव्हतं पण विचारायचंही नव्हतं, त्या सगळ्यांनी. कुणी तुमच्या माणसाच्या तोंडाला काही लावायला आला, मग तो बाबा असो, वैद्य असो की डॉक्टर, तर त्याला आधी विचारा, यात काय आहे. तो रागावला, तर पुन्हा विचारा. आणि घरातलं कुणी अचानक ओरडू लागलं, गप्प झालं, ताटं फेकू लागलं, तर झाडाकडं नेण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा. उत्तर बहुधा त्याच्याकडंच असतं.